मूर्ती लहान, धाव मोठी



चैत्र-वैशाखात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात जत्रांचा हंगाम असतो. घाटात गाडा सुटतो, 'भिर्रर्र'ची आरोळी उठते आणि काही सेकंदांत बारी संपते. तेवढ्यासाठी माणसे उन्हातान्हात दिवसभर उभी असतात. शहरातला पाहुणा विचारतो, यात तुम्हाला मिळते तरी काय? आपण हसतो आणि गप्प बसतो. गोडी चाखणाऱ्यालाच कळते.

आता तोच प्रश्न आपण आपल्या पोरांना विचारू लागलो आहोत. चाकण, भोसरी, चिखलीकडे कारखान्यात जाणारी मुले जुन्या, छोट्या, जपानी वळणाच्या मोटारींच्या शर्यतींच्या गोष्टी बोलतात. दारातली पडून राहिलेली मारुती ८०० त्यांना एकाएकी सोन्यासारखी वाटू लागते. "काडेपेटीएवढी ती गाडी, तिची कसली आली शर्यत?" असे घरची वडील माणसे म्हणतात. थट्टा करण्याआधी ती गोडी काय आहे ते समजून घेऊ या. पोराला आवरायचे असो की योग्य वाटेला लावायचे असो, आधी त्याचे मन कळले पाहिजे.

या छोट्या गाड्यांचे कूळ जपानचे. महायुद्धात तो देश होरपळून निघाला होता. लोकांच्या हाती पैसा नव्हता, रस्ते अरुंद होते. सरकारने १९४९ साली लहान मोटारींचा एक वेगळा वर्गच पाडला आणि त्यांना सवलती दिल्या. १९५५ पासून या वर्गात ३६० सीसीपर्यंतचे इंजिन चालू लागले. म्हणजे आपल्या बुलेट मोटारसायकलीला जेवढे इंजिन असते, जवळजवळ तेवढ्याच इंजिनावर चार माणसांची मोटार! लांबी तीन मीटरच्या आत, रुंदी १.३ मीटरच्या आत. पुढे १९७६ साली ही मर्यादा ५५० सीसी झाली आणि १९९० साली ६६०.

या गाड्या करणारी माणसेही काही बड्या घरची नव्हती. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा हे खेड्यातल्या लोहाराचे चिरंजीव. सुझुकी कंपनीचा जन्म १९०९ सालच्या मागाच्या कारखान्यातून झाला. आधी कापड विणायचे माग, मग दुचाक्या, मग मोटारी. जिथे लोखंड महाग आणि पेट्रोल महाग, तिथे कारागीर एकच गोष्ट करतो: नको ते काढून टाकतो. होंडाची १९६७ सालची 'एन ३६०' ही गाडी पाचशे किलोंच्याही आत होती आणि इंजिन ३१ अश्वशक्तीचे. सुझुकीने १९६८ साली आपली ३६० सीसीची 'फ्रोंटे' गाडी इटलीला नेली. मिलान ते नेपल्स या मोठ्या रस्त्यावर ती ताशी सरासरी १२२ किलोमीटरने पळवून दाखवली. चाकामागे होते इंग्लंडचे नामांकित शर्यतपटू स्टर्लिंग मॉस आणि जपानचे मित्सुओ इतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ती ही अशी.

त्याच सुझुकीचे बियाणे आपल्याकडे आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, ३९ अश्वशक्ती आणि वजन साधारण साडेसहाशे किलो. त्या वेळी रस्त्यावर होती ती अँबॅसडर, हजार किलोंच्या वरची. प्रीमियर पद्मिनी, तीही नऊशेच्या आसपास. ताकद पाहिली तर मारुतीची काही फार नव्हती, पण ओझेच कमी. अश्वशक्तीमागे तिच्या वाट्याला सतरा किलोंच्या आसपास वजन येई. जुन्या गाड्यांच्या वाट्याला वीस-बावीस.

शेतकऱ्याला हे गणित शिकवायला नको. चिखलातल्या भातखाचरात आणि मुसळधार पावसात डांगी बैल हवा, अंगाने भरलेला, संथ, दमदार. पण शर्यतीला कोणी डांगी जुंपतो का? तिथे खिलारच लागतो, सडपातळ आणि चपळ. घाटातला गाडाही पाहा. त्याच्यावर उसाची मोळी भरायची नसते. तो शक्य तितका हलका करतात आणि आपल्याकडच्या घाटात तर त्यावर माणूसही बसत नाही. ओझे उतरले की वेग आपोआप येतो. छोट्या मोटारीची शर्यत करणाराही तेच करतो. मागची बाके काढतो, गालिचा काढतो, नको ते सारे काढतो.

पण खरी गोडी याच्याही पुढे आहे. मोठ्या इंजिनाच्या गाडीत चूक झाली तर ती पाय दाबून झाकता येते. वळणावर वेग गेला, तर पुढच्या सरळ पट्ट्यात ताकद तो भरून काढते. छोट्या गाडीत ती सोय नाही. एकदा वेग सांडला की तो पुन्हा गोळा करायला फार वेळ लागतो. म्हणून चालवणारा ब्रेक जपून मारतो, वळण रुंद धरतो, गिअर नेमक्या क्षणी टाकतो आणि मिळालेला वेग गाठीच्या पैशासारखा सांभाळतो. ही शर्यत म्हणजे काटकसरीची परीक्षा आहे. थोडक्या पाण्यावर पीक काढणाऱ्या माणसाला यातला आनंद कळायला हरकत नाही. विहीर भरलेली असताना कोणीही मळा फुलवतो. उन्हाळ्यात जो बाग राखतो त्याचे कौतुक.

आणखी एक गोष्ट. स्वस्त गाडीच्या शर्यतीत बापाच्या पैशापेक्षा पोराचा हात जास्त चालतो. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चेच इंजिन बसवून एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. 'फॉर्म्युला मारुती' म्हणून त्या ओळखल्या जात. सगळ्यांना सारखेच साधे इंजिन. त्या गाड्यांवर हात बसवलेल्यांपैकी एक म्हणजे नारायण कार्तिकेयन. २००५ साली जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार शर्यतीत, फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय. आपल्या चाकणचेही नाव या खेळात आहे. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला. तिथे बनणाऱ्या पोलो या छोट्या गाडीच्या, सर्वांना एकसारखी गाडी देऊन होणाऱ्या शर्यती २०१० पासून भरू लागल्या. ती गाडी जपानी नव्हे आणि २०२२ पासून इथे बनतही नाही, पण तत्त्व तेच: गाडी सारखी, मग बघू कोणाचा हात चांगला.

हे झाले गुणगान. आता दुसरी बाजू. आई-वडिलांनो, ही बाजू नीट वाचा.

जो हलकेपणा मैदानात शोभतो, तोच हमरस्त्यावर वैरी होतो. जुन्या मारुतीचा पत्रा पातळ, हवेच्या पिशव्या नाहीत, चाके अवघी बारा इंचांची. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावतात. त्यांच्यापुढे साडेसहाशे किलोंची गाडी म्हणजे मोटेखाली सापडलेले मडके. शर्यतीच्या मैदानात याच गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. चालवणाऱ्याला हेल्मेट असते, खांद्यावरून आवळलेले पट्टे असतात, आग विझवायचे साधन असते, रुग्णवाहिका उभी असते. समोरून कोणी येत नसते. रात्री बाह्यवळणावर दोन मित्रांनी लावलेल्या पैजेत यातले काय असते? काहीच नाही.

कायदाही माहीत असू द्या. सरकारच्या परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक आणि गाडीमालक जबाबदार. पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. गाडीत मनमानी फेरफार करून ती रस्त्यावर आणणेही बेकायदा आहे. मारुती ८०० बनणे जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तेव्हा तुमच्या दारातल्या गाडीची पंधरा वर्षे भरली असतील किंवा भरत आली असतील. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी नवी करून घ्यावी लागते, तीही पाच-पाच वर्षांसाठी. ती केल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नका.

मग पोराला नुसते 'नाही' म्हणायचे का? तसे केले तर तो चोरून करील. बैलगाड्याचेच उदाहरण घ्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. नियम आले म्हणून घाट पुन्हा जागे झाले. मोटारीच्या खेळालाही नियम आहेत. देशातल्या मोटार क्रीडा संघांचा महासंघ स्पर्धकांना परवाने देतो. चेन्नईजवळ आणि कोइंबतूरला बांधलेली मैदाने आहेत. आपल्या मुळशी तालुक्यात अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत.

मुलाचा हात यंत्रात रमत असेल, तर त्याला आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिक, फिटर किंवा वेल्डरचे शिक्षण द्या. अभियांत्रिकीला असेल तर 'बाहा' या स्पर्धेची चौकशी करायला सांगा. २००७ पासून ती भारतात होते. विद्यार्थी स्वतः खडबडीत जमिनीवर चालणारी हलकी गाडी बनवतात. पिंजरा आपल्या हाताने करायचा आणि मग गाडी दगडाधोंड्यांतून चालवून दाखवायची. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांना असे हात हवेच असतात. जमीन गेली तरी हातातली कला कोणी संपादन करू शकत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. पोरगा जुन्या गाडीखाली पालथा पडलेला दिसला तर ओरडू नका. त्याला विचारा, काय बिघडले आहे? त्याला समजावून सांगू द्या. तो सांगत असताना तुमचेही त्याच्याशी दोन शब्द बोलून होतील. आणि रात्र झाली की किल्ली मात्र आईच्या कमरेला असू द्या.