मायेलाही सुटे भाग लागतात

प्रत्येक घराच्या माळ्यावर एखादी तरी वस्तू अशी असते, की जी वापरात नसते आणि मोडीतही निघत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते, तिच्यावरची धूळ झटकली जाते, 'असू दे, आईची आहे' असं कुणीतरी म्हणतं आणि ती पुन्हा वर जाते. आपण याला वस्तू जपणं म्हणतो. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे असेल, मला ते थकबाकी पुढच्या वर्षात ओढण्यासारखं वाटतं. हिशेब मिटत नाही, फक्त पान उलटतं. वस्तू खरोखर जपायची तर ती चालती ठेवावी लागते आणि त्याला नुसता जिव्हाळा पुरत नाही.

मराठी घरांत हा माळ्यावरचा मान अनेकदा शिवणाच्या मशीनला मिळतो. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही या यंत्राला अपवाद मानलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं प्रेमापोटी ते शोधलं, असं 1924 साली एका संवादात ते म्हणाले होते. इतिहास एवढा गोड नाही. आयझॅक सिंगर 1850 साली बोस्टनच्या एका कारखान्यात होता. तिथं दुसऱ्याच कुणाच्या रचनेची, वारंवार बिघडणारी शिवणयंत्रं असत. ती सुधारण्याच्या खटपटीतून त्याचं यंत्र उभं राहिलं आणि 1851 मध्ये त्याला पेटंट मिळालं. म्हणजे या यंत्राचा जन्मच दुरुस्तीच्या बाकावरचा. पुढे 1856 मध्ये सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली आणि यंत्र गरिबाच्या दारापर्यंत पोचलं. आपल्याकडे 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' मशीन आणलं आणि पुढे ते लेकीच्या रुखवतापर्यंत गेलं.

हप्त्यांचा हा धागा माझ्याही हातून गेला आहे. 1980 पासून देशातल्या सर्व विकास गटांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम लागू झाला. काही हिस्सा सरकारचं अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. म्हैस, शेळ्या, बैलगाडी आणि शिवणाचं मशीन या त्यातल्या ठरलेल्या गोष्टी. 1987 साली मी अकोल्याच्या शाखेत होतो. (अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. हा खुलासा आम्हांला जन्मभर करावा लागतो.) तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. राजूरच्या पुढच्या एका गावातल्या विधवा बाईंना मी मशीनचं कर्ज मंजूर केलं. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा नुकताच शिक्षक झाला होता. अर्जाच्या निमित्तानं त्याची ओळख झाली, ती आजतागायत टिकली. बाईंनी त्या मशीनवर चोळ्या, परकर, झबली आणि गावच्या शाळेचे गणवेश शिवले, धाकट्या तीन भावंडांची शिक्षणं केली आणि कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही.

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मशीन पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलं होतं. भंडारदऱ्याच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथल्या दमटपणाबद्दल सांगायला नको. लोखंडाचं तिथं फार काळ चालत नाही. गेल्या वर्षी गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नाशिकला जाणार होते. वहिनी मला म्हणाल्या, ''भाऊजी, ते त्या मशीनला कुणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतःही लावत नाहीत. ते तिकडं आहेत तोवर तुम्हीच काहीतरी करा.'' मी जरा घुटमळलो. दुसऱ्याच्या आईच्या वस्तूला न विचारता हात लावायचा, ही लहान गोष्ट नव्हे. पण आणखी दोन पावसाळे गेले असते तर विचारायलाही काही उरलं नसतं. टेम्पोत घालून आम्ही ते संगमनेरच्या एका मिस्त्रींकडे नेलं.

मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, हललं नाही. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, ''साहेब, मशीन मेलेलं नाही. तेल गोठलंय.'' वर्षानुवर्षं न वापरलेल्या मशीनमधलं तेल चिकट होऊन वाळतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं. ते रॉकेलनं सोडवावं लागतं. हल्ली रॉकेल मिळवणं हेच मोठं काम. त्यात दोन दिवस गेले. मग एकेक स्क्रू निघाला. सुईचा दांडा गंजला होता, तो घासून मोकळा झाला. शटल झिजलं होतं, चामडी पट्टा उंदरांनी खाल्ला होता, बॉबिनची डबी वाकली होती. हे सगळे भाग मिस्त्रींच्या फळीवर तयार होते. कारण साधं आहे. आपल्याकडची पुष्कळशी काळी घरगुती मशीनं सिंगरच्या एकोणिसाव्या शतकातल्या एकाच नमुन्यावर बेतलेली आहेत. एका कंपनीचा भाग दुसरीच्या मशीनला बसतो आणि लुधियानातले कारखाने ते भाग आजही बनवतात. सगळे सुटे भाग मिळून पाचशे रुपयांच्या आत आले.

खरी पंचाईत त्यानंतर होती. मिस्त्री मशीनला काळा रंग मारून, सोनेरी वेलबुट्टी नव्यानं चिकटवून देणार होते. गिऱ्हाइकाला तसंच आवडतं, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणालो. फळीवर डाव्या बाजूला हात टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं. कडेला पांढऱ्या रंगात 'बँकेकडे नजरगहाण' ही अक्षरं होती, अर्धी पुसलेली. जुन्या बॉबिनवर गणवेशाचा निळा दोरा तसाच गुंडाळलेला होता. यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. जे अडलं आहे ते दुरुस्त करावं. जे झिजलं आहे पण अडलेलं नाही, त्याचा निर्णय मालकाचा. कुणासाठी गुपचूप दुरुस्ती करणाऱ्यानं एवढी मर्यादा पाळावी, असं मला वाटतं. जुनं बॉबिन खणात ठेवून आम्ही नवं बसवलं.

गुरुजी डोळ्यांवर काळा चष्मा लावून परत आले तेव्हा मशीन ओसरीवर होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आधी त्यांनी खण उघडून निळ्या दोऱ्याचं बॉबिन पाहिलं, मग त्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, ''अरे, कर्ज तर कधीच फिटलं. ही पाटी कधी काढणार तुझी बँक?'' वहिनींनी पायडलवर पाय ठेवला आणि गुरुजी उठून आत गेले. आता त्या मशीनवर नातीची झबली शिवली जातात.

ही गोष्ट गोड आहे म्हणून सांगितली नाही. ती घडू शकली कशामुळे, हे महत्त्वाचं आहे. माझ्या भाचीनं पुण्यात 2020 च्या टाळेबंदीत भांडी घासायचं यंत्र घेतलं. कामाला बाई येऊ शकत नव्हत्या आणि घरातल्या सगळ्यांचं ऑफिस घरात आलं होतं. त्या यंत्रानं तिची कंबर वाचवली. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी 1886 साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून किती बायकांचे हात त्यानं सोडवले असतील! त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण चार वर्षांत भाचीच्या यंत्रातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. बदलायचा तर नव्या यंत्राच्या जवळपास निम्मी किंमत, आणि तोही महिन्याभरानं मिळेल, असं उत्तर आलं. तिनं नवं यंत्र घेतलं. जुनं भंगारात गेलं, बाकीचं सगळं धडधाकट असताना.

काही जण म्हणतील, नवी यंत्रं गुंतागुंतीची असतात, ती मिस्त्रीच्या फळीवर कशी दुरुस्त व्हावीत? गुंतागुंत मान्य आहे. पण सुटा भाग न विकणं, दुरुस्तीची माहितीपुस्तिका बाहेरच्या कारागिराला न देणं, झाकण स्क्रूऐवजी डिंकानं चिकटवणं, यांचा गुंतागुंतीशी संबंध नाही. तो विक्रीचा हिशेब आहे. फ्रान्समध्ये 2021 पासून काही उपकरणांवर ती दुरुस्तीला किती सोपी आहेत याचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघानं 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये यासाठी समिती नेमली आणि शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं ही क्षेत्रं निवडली. पाऊल योग्य आहे. पण सुटे भाग अमुक वर्षं मिळालेच पाहिजेत, अशी सक्ती झाल्याशिवाय ग्राहकाच्या हाती काही पडणार नाही.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. दुकानात आपण किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो, रंग निवडतो. त्यातच आणखी दोन प्रश्न विचारावेत: हे उघडता येतं का? आणि दहा वर्षांनी याचे भाग कुठं मिळतील? विक्रेता पहिल्यांदा गोंधळेल. पन्नासाव्या गिऱ्हाइकानं विचारल्यावर तो कंपनीला कळवेल. पतपुरवठ्याच्या धंद्यात मी एवढं शिकलो, की जे वारंवार विचारलं जातं त्याचा रकाना अर्जात आपोआप येतो.

आजच्या स्वयंपाकघरातली ही चकचकीत यंत्रंही उद्या कुणाच्या तरी आईची होणार आहेत. तिच्या माघारी एखादा मित्र ती गुपचूप उचलून मिस्त्रीकडे घेऊन जाईल. मिस्त्रीच्या फळीवर तेव्हा काहीतरी असायला हवं.