ऑपरेशनआधी सहा महिने डाएट कशासाठी?

वजन कमी करण्याचे ऑपरेशन विम्यातून करायचे, तर अमेरिकेतील अनेक विमा कंपन्या आधी सलग तीन ते सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली डाएट करायला लावतात. वर्षानुवर्षे डाएट करून थकलेला माणूसच ऑपरेशनचा विचार करतो. त्याला पुन्हा तिथेच कशाला पाठवायचे? मधुमेह तेवढे महिने थांबून राहत नाही. तिथल्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने तर २०१६ मध्येच ही अट मनमानी आणि अशास्त्रीय ठरवली.

ऑपरेशनच्या तोंडावर दोनेक आठवडे दिला जाणारा कमी कॅलरींचा आहार वेगळा. त्याने यकृत आकसते आणि दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचणे सोपे होते. तो हवाच.

भारतात ‘इर्डाई’च्या प्रमाणित अटींत बीएमआय किमान ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, असा निकष आहे. ३५ वाल्यांचे आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत, असेही त्यात म्हटले आहे. ते किती महिने केलेले हवेत, हे मात्र लिहिलेले नाही. वादाला जागा आहे ती इथेच. त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या नोंदी रद्दीत टाकू नयेत.