क्षयाच्या निदानाचा धडा काचपट्टीवर

रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच त्या वापरू नयेत, असे बजावले होते. तोवर खासगी प्रयोगशाळांत त्या सर्रास होत असत. बंदी योग्यच होती. परंतु या चाचण्या मुळात फसल्या का, याचा उलगडा बऱ्याच अंशी एका काचपट्टीने केला आहे.

'प्रोटीन मायक्रोॲरे' म्हणजे हजारो प्रथिनांचे सूक्ष्म ठिपके असलेली काच. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे कोणत्या ठिपक्यांना चिकटतात, हे तिच्यावर एकाच वेळी दिसते. अडचण होती ती प्रथिने मिळविण्याची. प्रत्येक प्रथिन जिवंत पेशीत तयार करणे, शुद्ध करणे आणि न बिघडता साठविणे, हे काम खर्चिक व वेळखाऊ. त्यावरील तोडगा म्हणजे पेशीविरहित पद्धत. फोडलेल्या पेशींच्या अर्कात प्रथिने बनविणारी यंत्रणा शाबूत असते. त्यात जनुक मिसळले, की काही तासांत प्रथिन हाती येते. हार्वर्डमधील जोशुआ लाबेअर यांच्या गटाने २००४ मध्ये तर काचेवर डीएनएच छापला आणि त्यावर सशाच्या रक्तपेशींचा अर्क सोडून प्रथिने जागीच बनवून घेतली.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये क्षयजंतूची सुमारे चार हजार प्रथिने पेशीविरहित पद्धतीने तयार करून काचेवर मांडली आणि शेकडो जणांचे रक्त तपासले. प्रतिपिंडे आढळली ती जेमतेम दहा टक्के प्रथिनांविरुद्ध; सक्रिय क्षयाशी निगडित प्रथिने तर अर्धा टक्काच. त्यातही कोणाचे शरीर कोणत्या प्रथिनाला प्रतिसाद देईल, हे रुग्णागणिक बदलत होते. एक-दोन प्रथिनांवर बेतलेली चाचणी अनेक रुग्णांना हुकणार, हे त्यातून उघड झाले.

या तंत्रालाही मर्यादा आहेत. जिवाणूच्या अर्कातील प्रथिनाची घडी कधी नीट बसत नाही, त्यावर शर्करेचे जोडही चढत नाहीत. त्यामुळे चिपवरचा निष्कर्ष हा शोधाचा आरंभ असतो, निदानाचा दाखला नव्हे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. चुकीच्या अहवालाची किंमत येथे एकतर विनाकारण घ्याव्या लागणाऱ्या औषधांनी किंवा उपचारांवाचून घरभर पसरणाऱ्या रोगाने चुकवावी लागते. म्हणूनच नवी रक्तचाचणी बाजारात येईल तेव्हा पहिला प्रश्न एकच असावा : ती किती आणि कोणत्या रुग्णांवर पडताळली आहे?