जुनी तबकडी पुसण्यापूर्वी

गेल्या उन्हाळी सुट्टीत प्रस्तुत लेखकाने आपल्या लॅपटॉपमधील ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून तेथे २ टीबीची बसवून घेतली. जुन्या डिस्कवर पंधरा वर्षांची टिपणे, प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांचे प्रकल्प साठलेले होते. दुकानदाराने नव्या डिस्कवर संगणकप्रणाली नव्याने घातली, सर्व फायली रात्रभरात उतरवल्या आणि सकाळी सहज विचारले, "सर, आता जुनी पुसून टाकू ना?" होकार अगदी ओठांवर आला होता, तो दिला गेला नाही, हे सुदैवच म्हणावयाचे.

कारण घरी येऊन सुरुवातीच्या वर्षांतील मराठी टिपणे उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी उमटली. फाइल एकही हरवली नव्हती; हरवला होता तो फाँट. त्या काळी अनेक फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला खरा, परंतु सर्वसामान्यांच्या टंकलेखनात तो रुळण्यास पुष्कळ वर्षे लागली. फाँट प्रणालीच्या कप्प्यात राहतो, आणि तो कप्पा उतरवलाच नव्हता. जुन्या डिस्कवरून तो मिळाला व पंधरा वर्षांचे श्रम वाचले.

ही एका प्राध्यापकाची घरगुती अडचण म्हणून सोडून देता आली असती. परंतु हाच प्रसंग राष्ट्रीय पातळीवरही घडून गेला आहे, आणि वर्धेकरांना तो परका वाटू नये. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहावयास आले; १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. तेथून लिहिलेली असंख्य पत्रे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी खंडांत समाविष्ट आहेत. १९५८ ते १९९४ या काळात हे १०० खंड सिद्ध झाले. पुढे त्यांची सुधारित आवृत्ती व संगणकीय तबकडी निघाली. अभ्यासकांनी ती मूळ खंडांशी ताडून पाहिली, तो अनेक नोंदी गाळल्या गेल्याचे आढळले. आक्षेप वाढले आणि २००५ मध्ये सरकारला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. ही चूक उघडकीस आली ती केवळ एका कारणाने: जुने खंड ग्रंथालयांच्या फडताळांत शाबूत होते. "आता तबकडी आली" म्हणून ते रद्दीत गेले असते, तर तुलना कशाशी करावयाची?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे दोन खर्चांची गल्लत होते. १९५६ मध्ये आय.बी.एम.ने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून जेमतेम ५ एमबी मजकूर मावत असे. आज त्याच्या लाखो पट साठा तळहातावर मावतो. साठवण्याचा व नकलण्याचा खर्च असा जवळजवळ शून्यावर आला. परंतु नक्कल तपासण्याचा खर्च तसूभरही उतरलेला नाही, कारण तो माणसाच्या वेळात व लक्षात मोजावा लागतो. आपली अंदाजपत्रके यंत्रासाठी तरतूद करतात, तपासनिसासाठी नाही. आज महाविद्यालये, ग्रामपंचायती व सार्वजनिक वाचनालये आपली दप्तरे संगणकावर चढवीत आहेत. एखादे पान उलटे स्कॅन झाले, एखादी नोंदवही राहून गेली, तर ते दहा वर्षांनी दाखला मागावयास आलेल्या माणसालाच कळेल.

यावर असे म्हटले जाईल की, जुने सारे जपावयाचे तर जागा कोठून आणावी? शिवाय जुनी डिस्क तरी कोठे अमर आहे? आक्षेप रास्त आहे. जुने कायम ठेवा, असा आग्रह नाही. पडताळणी होईपर्यंत ठेवा, एवढेच मागणे आहे. फायलींची संख्या दोन्हीकडे मोजावी. प्रत्येक वर्षातील काही फायली उघडून वाचाव्यात, आणि ते काम उतरवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावे. एक प्रत वेगळ्या इमारतीत असावी. संस्थांनी कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता या तपासणीनंतरच द्यावा. कागदपत्रांपैकी कायद्याने किंवा इतिहासाच्या दृष्टीने जपणे आवश्यक असतील, ती मात्र पडताळणीनंतरही मोडीत काढू नयेत.

घर बदलताना आपण रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरून येतो, फडताळाच्या मागे हात घालून पाहतो, आणि मगच किल्ली घरमालकाच्या हाती देतो. दप्तराच्या बाबतीत तेवढीच सावधगिरी पुरेशी आहे.