दहा तास? म्हणजे लवकर सोडणार?

आयटीवाल्यांना बातमी आधी कळत नाही, बातमीवरचा जोक आधी कळतो. जोक वाचून हसायचं आणि मग ‘पण झालं काय?’ म्हणून शोधायला लागायचं, हा आमचा क्रम. रोज सकाळी पालेगावहून शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर ठेवून अंबरनाथ स्टेशन गाठणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. (पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीला लागून असलेलं गाव. आता तिथे गावापेक्षा टॉवर जास्त दिसतात, आणि त्या टॉवरच्या जाहिरातींमध्ये स्टेशन नेहमी दहा मिनिटांवर असतं. कोणत्या वाहनाने ते लिहिलेलं नसतं.) मग लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर, आणि मग ऐरोली. घरापासून हापिसच्या दारापर्यंत दोन तास धरा. एवढ्या वेळात करणार काय? फोन काढायचा, ग्रुपवर आलेलं वाचायचं आणि शेजारच्याच्या तोंडासमोर धरायचं. तोही आयटीतलाच असतो.

आज शनिवार आहे, चहा हाताशी आहे, आणि या जोक्सबद्दल बरेच दिवस डोक्यात होतं ते लिहून टाकतो. पटलं नाही तर सोडून द्या.

सुरुवात १९ जुलै २०२४ पासून करू. वार शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती तेव्हा क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक छोटीशी फाइल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. ७८ मिनिटांत त्यांनी ती फाइल मागे घेतली खरी, पण जे मशीन चालूच होत नाही ते नवी फाइल घेणार कशी? तेव्हा माणसाने एकेका मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती फाइल हाताने उडवायची. विमानतळांवर गोंधळ. हैदराबादला इंडिगोने दिलेल्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. आमच्या ग्रुपवर त्याखाली एकाने लिहिलं होतं, ‘बॅकअप सिस्टिम : रेनॉल्ड्स, निळी रिफिल.’ बेल्जियममधल्या एका विनोदी लेखकाने तर ‘आज क्राउडस्ट्राइकमध्ये माझा पहिला दिवस, एक छोटा अपडेट टाकला आणि दुपारची सुट्टी घेतली’ अशा अर्थाचं काहीतरी स्वतःच्या बनावट फोटोसकट टाकलं, आणि असंख्य लोकांना ते खरं वाटलं. खरं वाटावं असंच होतं ते! शुक्रवारी रिलीज करणारा महाभाग प्रत्येक कंपनीत एक असतोच.

आता गंमत बघा. त्या दिवशी फिरणारे जोक ढोबळमानाने तीनच होते. एक, शुक्रवारी कशाला टाकता? दोन, आधी एका मशीनवर चालवून बघितलं असतं तर? तीन, सगळ्या जगाला एकदम कशाला, थोडं थोडं वाढा की! ऑगस्टमध्ये कंपनीचा सविस्तर अहवाल आला. कारण काय, तर प्रोग्राम २० गोष्टी येतील म्हणून बसला होता आणि नियमांमध्ये २१ होत्या. एकविसावी वाचायला तो नको तिथे गेला आणि कोसळला. (कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला सी शिकवताना मास्तर याच चुकीला मार्क कापायचे.) आणि पुढे काय करणार, तर चाचण्या वाढवणार, मर्यादा तपासणार, अपडेट टप्प्याटप्प्याने सोडणार. म्हणजे शुक्रवारचा मुद्दा सोडला तर जोक आणि अहवाल एकच! फरक एवढाच की जोक त्याच दिवशी आला आणि फुकट आला. आमच्या टीममध्ये त्याच्या पुढच्या आठवड्यात नियम झाला, शुक्रवारी जेवणानंतर रिलीज नाही. हा नियम कोणी मांडला? ग्रुपवर सगळ्यात जास्त खिदळणाऱ्या आमच्या टेस्टरने, मीटिंगमध्ये, मॅनेजरसमोर, तोच जोक जरा गंभीर चेहऱ्याने सांगून.

मशीनबद्दलचा विनोद आम्ही मीटिंगमध्ये नेतो. स्वतःबद्दलचा नेत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी एका मुलाखतीत तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. त्यावर आमच्या डब्यात जो हिशेब झाला तो मला अजून आठवतो. हापिसात साडेनऊ तास, पाच दिवसांचे साडेसत्तेचाळीस. येण्याजाण्याचे रोजचे चार, म्हणजे वीस. झाले साडेसदुसष्ट. उरलेले अडीच तास कुठून आणायचे? कोपऱ्यातून आवाज आला, ‘रविवारचा मेगाब्लॉक धर ना!’ डबा हसला. मूर्ती अर्थातच प्रवास धरत नव्हते. प्रवास सोडून ७० तास पाच दिवसांत बसवायचे तर रोजचे चौदा, त्यात आमचे चार मिळवा, अठरा. उरलेल्या सहा तासांत झोप, आंघोळ, पोरांचा अभ्यास आणि सोसायटीची मीटिंग. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांचा आणि रविवारचा विषय काढला, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही विचारलं. त्यावर जे काय विनोद झाले ते सांगायला नकोतच. माझ्या बायकोने ग्रुपवर फॉरवर्ड केलेला सर्वात चांगला होता, पण तो इथे लिहायची परवानगी मिळालेली नाही :-)

मग २७ जुलै २०२५ चा रविवार. टीसीएस आपल्या सहा लाखांवर माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून थोडी जास्त माणसं कमी करणार, मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरची, अशी बातमी आली. कंपनीच्या निवेदनातली भाषा अशी होती की ज्यांचं ‘डिप्लॉयमेंट’ शक्य नाही त्यांना ‘रिलीज’ करणार. आता प्रोग्रामरला असा चेंडू टाकल्यावर तो सोडेल का? अर्ध्या तासात जोक हजर. ‘आपल्याकडे रिलीज होतं म्हणून डिप्लॉय करतात, त्यांच्याकडे डिप्लॉय होत नाही म्हणून रिलीज करतात.’ मी स्वतः हा चार ठिकाणी पाठवला. निवेदनातला शब्द जिथे माणूस दिसू नये म्हणून वापरलेला असतो, नेमका तिथेच बोट ठेवायचं, हे आमच्या लोकांना फार छान जमतं. वर्तमानपत्रांनी तेवढं बोट ठेवलेलं मला दिसलं नाही.

पण सोमवारी डब्यात तो जोक चालला नाही. आमच्यात अठरा वर्षं अनुभवाचे एकजण आहेत, दुसऱ्याच कंपनीत मॅनेजर, पालेगावला दोन बेडरूमचा फ्लॅट, हप्ते अजून बारा वर्षं. ते खिडकीबाहेर बघत होते. कोणीतरी जोक सुरू केला आणि मध्येच थांबवला. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स नावाची संघटना आहे, तिने या कपातीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. आमच्या डब्यातल्या निम्म्यांना अशी संघटना असते हेच तेव्हा कळलं. युनियन म्हणजे एमआयडीसीतल्या कारखान्यांना असते, आपण कसे ‘प्रोफेशनल’!

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल मंजूर केला. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांमध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तास, आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४. मात्र जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी. दुकानं म्हटल्यावर आपल्याला वाटतं किराणावाला. तसं नाही हो. आपली काचेची हापिसंही याच कायद्याखाली येतात, ज्याला जुनी माणसं अजून गुमास्ता म्हणतात तोच हा.

यावर आमच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय आली असेल? ‘दहा तास? म्हणजे लवकर सोडणार?’

मी हसलो. तुम्हीही हसला असाल. जोक फर्स्टक्लास आहे, वाद नाही. पण त्यात आम्ही काय कबूल केलं ते बघा. कायद्याने नऊ तास होते तेव्हा आम्ही अकरा बसत होतो, आणि ते वरचे दोन तास कुठे लिहिले गेले नाहीत, त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत. आता मर्यादा एक तासाने सरकते आहे, म्हणजे ज्या तासाला जादा म्हणून काहीतरी हक्क होता तो साधा तास होणार. आणि आमचं त्यावर म्हणणं काय, तर एवढंच होय! लेखी संमती घ्यायला कोणी आलं तर त्याला आमचा ग्रुप दाखवला तरी पुरे.

काही मित्र म्हणतात, अरे विनोद म्हणजे कुकरची शिट्टी, वाफ गेली की बरं वाटतं. वाटतं ना, मलाही वाटतं. पण शिट्टी झाली म्हणून स्वयंपाकघरात कोणीतरी उठून गॅस बारीक करतं. आमच्याकडे नुसत्याच शिट्ट्या मोजायचं काम चालू आहे. क्राउडस्ट्राइकच्या वेळी आमचा टेस्टर उठला, कारण सर्व्हर पडला तर मॅनेजरचीही झोप जाते. माणूस पडला तर कोणाची जाते हा प्रश्न मीटिंगच्या अजेंड्यावर येत नाही, आणि आणायचा कोणी यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

असो. गेल्या बुधवारी मी टीमच्या ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, की आपल्याकडे ओव्हरटाइमची नोंद कुठे करायची? लगेच उत्तरं. ‘ओव्हरटाइम म्हणजे मायक्रोवेव्हमधलं ते बटण का?’ ‘टाइमशीटमध्ये नऊ टाकून बघ, पान लाल होतं.’ (हे खरं आहे. आठच्या वर आकडा घेतच नाही.) बावीस हसऱ्या तोंडांनंतर विषय संपला.

रात्री गेल्या वर्षी लागलेल्या एका मुलीचा वेगळा मेसेज आला. ‘सर, जादा तासांचे खरंच दुप्पट मिळतात का?’ कायद्यात दुप्पट दर लिहिलेला आहे, तो भाग मी तिला पाठवला. थोड्या वेळाने विचारते, ‘हे मी ग्रुपवर टाकू का?’ म्हटलं, टाक.

टाकलंय तिने. आज शनिवार सकाळपर्यंत सगळ्यांनी वाचलंय असं दिसतंय. अजून कोणी जोक केलेला नाही.