उंची वाढते, जबाबदारी कोणाची?

पिकअप हे वाहन महाराष्ट्राला नवे नाही. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, देवगडचा हापूस बाजारपेठेपर्यंत पोहोचविण्याचे काम ही गाडी वर्षानुवर्षे निमूटपणे करीत आली आहे. अलीकडे मात्र तिच्या कुळात एक नवी शाखा फुटली. २०१६ मध्ये इसुझूची 'व्ही-क्रॉस' आणि २०२२ मध्ये टोयोटाची 'हायलक्स' भारतीय बाजारात दाखल झाली आणि पिकअप हे हौसेचेही वाहन होऊ शकते, हे सुखवस्तू ग्राहकाला पटू लागले. एक गाडी पोटासाठी धावते, दुसरी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा तुडविण्याच्या आनंदासाठी. दोघींच्या किमतीत आणि मालकांच्या जगण्यात मोठे अंतर आहे. तरीही त्या एका ठिकाणी हमखास भेटतात. ते ठिकाण म्हणजे गॅरेज. तेथे पहिलीला जादा पाटा घातला जातो, तर दुसरीला 'लिफ्ट किट', नवे शॉकअप, रुंद रिम आणि मोठे टायर बसविले जातात. दोन्ही गाड्यांची उंची वाढते आणि कायद्याच्या लेखी दोन्ही मालक सारखेच दोषी ठरतात.

प्रश्न असा की, जे सर्रास होते ते केवळ निषिद्ध ठरवून थांबते का? आणि थांबत नसेल, तर त्यातील धोका कोणी मोजायचा?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. लिफ्ट, रिम, टायर असे बदल वेगवेगळे मोजले, तर दंडाचा आकडा कोठे जाईल याची कल्पना करता येते.

पण याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुकही जोडले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. वाहनातील फेरबदलांसाठी मानके, मंजुरीच्या अटी आणि संबंधित बाबी केंद्र सरकार ठरवू शकेल, आणि अशा मान्य बदलामुळे निर्मात्याची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, असे ते परंतुक सांगते. म्हणजे दार बंद असले तरी त्याला कडी आतून आहे. ती काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. सीएनजी आणि विद्युत किटसाठी असे दार उघडलेही गेले. पाटे, स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही.

एक बदल, अनेक परिणाम

गाडीची उंची वाढविणे हा एकच बदल आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ती एक साखळी आहे. आधुनिक पिकअपमध्ये पुढील चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, तर मागे पाटे असतात. पुढे स्प्रिंगवर धातूची चकती चढवून उंची वाढविणे हा सर्वांत स्वस्त उपाय. अधिक सक्षम उपाय म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही एकमेकांना अनुरूप असे बदलणे. सुमारे ५० मिलीमीटरपर्यंतची वाढ बहुतेक गाड्या सहन करतात. त्यापुढे चाकाला शक्ती पोहोचविणाऱ्या दांड्यांचा कोन वाढतो, सांधे लवकर झिजतात, चाकांचे अलाइनमेंट बिघडते आणि वरचे नियंत्रक हातही बदलावे लागतात. चकतीचा खर्च काही हजारांचा असला, तरी तिच्या मागून येणारा खर्च त्याच्या कैकपट असतो.

शॉकअपविषयी तर गैरसमज अधिक आहेत. 'जड शॉकअप टाका, गाडी जास्त माल उचलेल,' असे अनेकदा ऐकू येते. शॉकअप भार पेलत नाही. भार स्प्रिंग आणि पाटे पेलतात. स्प्रिंगची उसळी आवरणे आणि चाक रस्त्याला चिकटून राहील असे पाहणे, एवढेच शॉकअपचे काम. उंची वाढवून जुन्याच लांबीचा शॉकअप ठेवला, तर खड्ड्यात चाक खाली जाताना तो पूर्ण ताणला जाऊन आपटतो. नको तितका लांब घेतला, तर दबताना तळाला लागतो. दोन्ही वेळी धक्का थेट सांगाड्याला बसतो.

टायरचे गणित कागदावर करून पाहण्यासारखे आहे. २६५/६० आर १८ या आकाराच्या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलीमीटर भरतो, तर २८५/६५ आर १८ चा सुमारे ८२८. व्यासातील फरक ५३ मिलीमीटर, म्हणून गाडीची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे २६ मिलीमीटर वाढते. परंतु चाकाचा एक फेरा जवळपास सात टक्क्यांनी लांबतो. मुळात अचूक असलेला वेगमापक ८० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८५ च्या वेगाने धावत असते. तीच गाडी थांबविण्यासाठी ब्रेकला तेवढेच अधिक बळ लावावे लागते. त्यातच टायरवरील भारांकाकडे कोणी पाहत नाही. ११० भारांकाचा टायर १,०६० किलो पेलतो, ११६ चा १,२५० किलो. दिसायला दणकट पण भारांकाने उणा टायर मालवाहू गाडीला लावणे ही आत्मवंचना आहे.

रिम निवडताना रुंदीबरोबर 'ऑफसेट' पाहावा लागतो. तो ३० वरून शून्यावर आणला, तर प्रत्येक चाक ३० मिलीमीटर बाहेर येते. गाडी रुबाबदार दिसते. पण बेअरिंगवरील ताण वाढतो, स्टिअरिंगला झटके बसतात आणि पावसाळ्यात मडगार्डच्या बाहेर आलेला टायर मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडवितो.

तोल आणि दुसऱ्याचा जीव

उंचीचा सर्वांत गंभीर परिणाम तोलावर होतो. चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असा स्थैर्याचा एक साधा गुणांक आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासन वाहन उलटण्याचा धोका जोखण्यासाठी तो वापरते. उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १,५४० आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलीमीटर धरली, तर गुणांक १.१ येतो. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ७० मिलीमीटर वर गेला, की तो १ वर उतरतो. चाके बाहेर घेतल्याने थोडी भरपाई होते, हे खरे. पण टपावर कॅरिअर, त्यावर तंबू आणि जादा चाक चढले की ती भरपाई संपते. घाटातील वळणावर अचानक स्टिअरिंग फिरवावे लागते, तेव्हा हा दशांशाचा फरक निर्णायक ठरू शकतो.

शिवाय धोका केवळ गाडीत बसलेल्यांपुरता नसतो. बंपर वर गेला, की समोरच्या छोट्या मोटारीचा धक्का झेलणारा भाग आणि पिकअपचा बंपर एका रेषेत राहत नाहीत. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. ज्या देशात पादचाऱ्याला पदपथच मिळत नाही, तेथे या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

जादा पाट्याचे अर्थकारण

आता कष्टकरी पिकअपकडे वळू. तिला जादा पाटा घालणारा मालक हौस करीत नाही. भाडे खेपेवर ठरते, डिझेल महाग आहे, कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावाच लागतो. एका खेपेत दीड खेपेचा माल गेला, तरच हिशेब जुळतो, हे त्याचे गणित आहे. पाटा वाढविला की गाडी खाली बसत नाही, म्हणून ती भार पेलते, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पाटे बळकट झाले तरी ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. तीन टनांसाठी बनविलेली गाडी चार टन झाली, तर त्याच वेगावरून थांबताना ब्रेकला एक तृतीयांश अधिक ऊर्जा पचवावी लागते. घाटाच्या लांब उतारावर या ऊर्जेची उष्णता होते आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात.

यात एक छुपा धोका आहे. अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब ठरविणारा व्हॉल्व्ह गाडीचा मागचा भाग किती दबला आहे, यावरून भार ओळखतो. जादा पाट्यामुळे तो भाग दबतच नाही. गाडी रिकामी आहे असे समजून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. नेमक्या ज्या वेळी मागच्या चाकांवर सर्वाधिक वजन असते, त्याच वेळी त्यांचे ब्रेक अपुरे लागतात. मागची बाजू उचलणाऱ्या लिफ्टबाबतही हेच घडते. दुसरीकडे, गाडी सपाट दिसत असल्याने जादा भार नाक्यावरील तपासनिसाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि चालकालाही जाणवत नाही. जादा पाटा भार पेलण्यापेक्षा तो लपविण्याचेच काम अधिक करतो.

तपासणीची स्थिती याला पूरकच आहे. मालवाहू पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. त्या दिवसापुरता पाटा उतरविता येतो. खासगी म्हणून नोंदलेल्या हौशी पिकअपची नोंदणी तर १५ वर्षांसाठी असते. तेवढ्या काळात पीयूसीखेरीज तिच्याकडे कोणी तांत्रिक नजरेने पाहण्याची तरतूद नाही.

अन्यत्र काय घडते?

ऑस्ट्रेलियात पिकअपला उंची देणे सर्वसामान्य आहे. तेथील राष्ट्रीय संहितेनुसार साधारण ५० मिलीमीटरपर्यंतच्या साध्या बदलाला प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याची मोहोर लागते. राज्यागणिक तपशील बदलतो, पण तत्त्व तेच आहे. जर्मनीत सुटा भागच तपासणी प्रमाणपत्रासह विकला जातो आणि आवश्यक तेथे बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. अमेरिकेत नियम राज्यांनुसार निराळे आहेत. तेथेही पुढचा भाग उंच आणि मागचा खाली ठेवण्याच्या अतिरेकी फॅशनला नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये बंदी घातली. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना यांनी नंतर तोच मार्ग धरला. सरसकट बंदी नाही आणि सरसकट मोकळीकही नाही; किती, कसे आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे ठरविणे हाच या व्यवस्थांचा गाभा आहे.

भारताला हे अशक्य नाही. वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरची व्हीआरडीई या संस्था महाराष्ट्रातच आहेत. ठरावीक मॉडेलसाठी ठरावीक संच तपासून मान्य करणे, तो बसविणाऱ्या गॅरेजला परवाना देणे, नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद करणे आणि विमा कंपनीला ती कळविणे, इतकी ही साखळी आहे. त्याच वेळी जादा भाराची तपासणी नजरेने नव्हे, तर वजनकाट्याने व्हायला हवी. अन्यथा पाटा जप्त होईल आणि खेप तशीच चालू राहील.

तोपर्यंत सुज्ञ मालकाने काय करावे? निर्मात्याने मान्य केलेल्या आकाराचा आणि भारांकाचा, पण कच्च्या रस्त्याला साजेशा नक्षीचा टायर निवडता येतो. झिजलेले शॉकअप मूळ लांबीच्या चांगल्या शॉकअपने बदलता येतात. टायरमधील हवा आणि अलाइनमेंट वेळच्या वेळी तपासता येते. बहुतेकांची गरज एवढ्यात भागते. ज्याची खरोखरच भागत नाही, त्याने रुबाबापासून नव्हे तर वजनापासून विचार सुरू करावा. गाडीवर कायम किती भार असतो, त्याला कोणता टायर लागतो, त्या टायरला कोणती रिम आणि किती जागा लागते, हे आधी पाहावे. लिफ्ट आणि शॉकअप त्यानंतर येतात. गॅरेजमध्ये नेमका उलटा क्रम चालतो आणि बिघाडाचे मूळ तेथेच असते.

फेरबदल करू नका, एवढे सांगून शासनाची जबाबदारी संपत नाही. कायद्याने ज्याकडे पाहायचेच नाही असे ठरविले, ते अंधारात वाढते, आणि अंधारात बसविलेल्या नट-बोल्टची जबाबदारी कोणीच घेत नाही. २०१९ च्या परंतुकाने दिलेला अधिकार वापरणे सरकारच्या हातात आहे. तो न वापरण्याची किंमत मात्र घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या, काहीही न बदललेल्या गाडीलाही मोजावी लागते.