आडनावांचे कूळ

बंगळूरच्या शिवाजीनगरातील एखाद्या मराठी घराच्या पाटीवर 'एस. आनंदराव' एवढेच लिहिलेले आढळेल. आडनाव कोठे गेले? दक्षिणेकडील रीतीप्रमाणे आरंभी आद्याक्षर आले आणि 'राव' हा आदरवाचक शब्दच आडनावाच्या जागी बसला. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून येथे मराठी वस्ती आहे. रजनीकांत या नावाने कीर्ती पावलेले नटही याच शहरात १९५० साली जन्मले, ते शिवाजीराव गायकवाड म्हणून.

आडनाव हा कुळाचा लहानसा इतिहासच होय. 'कर' गाव सांगतो; कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतने सांगतात; चिटणीस, फडणीस यांतील 'नीस' फारसीतील लिहिणारा; काळे, गोरे ही रूपावरून पडलेली नावे.

दूरच्या रशियातही हाच प्रकार आहे. 'ओव्ह' म्हणजे 'चा': इव्हानोव्ह म्हणजे इव्हानचा, कुझ्नेत्सोव्ह म्हणजे लोहाराचा. 'स्की' पुष्कळदा आपल्या 'कर'चे काम करतो. तॉलस्तॉय या नावाच्या मुळाशी 'लठ्ठ' हा शब्द आहे, तर गागारिनच्या मुळाशी एका पाणपक्ष्याचे नाव. अनेक शेतकऱ्यांना मात्र १८६१ साली भूदासपद्धती संपल्यानंतरच अधिकृत आडनाव लाभले.

आपल्याप्रमाणेच तेथेही नाव, पित्याचे नाव व आडनाव असा क्रम चालतो. भेद आहे तो स्त्रीच्या बाबतीत. १९६३ साली अंतराळात गेलेल्या व्हॅलेंतिना व्लादिमिरोव्हना तेरेश्कोवा यांच्या नावातील मधला शब्द पित्याचा आहे आणि रशियन रीतीने तो विवाहानंतरही टिकतो. आपल्याकडे रूढीने लेकीचे मधले नाव व आडनाव दोन्ही पालटतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आले, हे म्हणूनच स्वागतार्ह आहे.

जातीची ओळख पुसण्यासाठी कोणी विचारपूर्वक आडनाव सोडले, तर तो निर्णय आदरास पात्र आहे. परंतु जाणून सोडणे निराळे आणि नकळत विसरणे निराळे. 'एस.' म्हणजे काय, हे नातवाने विचारले आणि घरात कोणालाच सांगता आले नाही, तर तुटलेला धागा पुन्हा कोठे शोधावा? तेव्हा आजच घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा. आडनाव, मूळ गाव आणि आजी-पणजीची माहेरची नावेसुद्धा विचारून एका वहीत उतरून ठेवा. पाटीवर काय लिहावे, ते मग नातवंडे ठरवतील.